अनूचा डावा हात

त्या दिवसांत माझा देवीवरचा विश्वास उडत चालला होता, हे आज कबूल करते. अनू, माझी मुलगी, तेव्हा सात महिन्यांची. प्रत्येक वस्तू ती उजव्या हातानंच घ्यायची. डावी मूठ घट्ट मिटलेली, अंगठा आत. सासूबाई म्हणायच्या, "नशीब धरून आलीय मुठीत." एका डॉक्टरांनी मात्र सांगितलं होतं, की जन्मावेळी मेंदूला इजा झाली आहे, याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात, वर्ष-दोन वर्षं वाट पाहू. वाट पाहण्याखेरीज काही सुचेना, म्हणून गावामागच्या डोंगरावरच्या देवीला मी पाच मंगळवार बोलले.

पाचव्या मंगळवारी भर दुपारी पोचले. वारा पडलेला. देवळाचं दार उघडंच होतं, सभामंडपात कुणी नव्हतं. अनूला मांडीवर घेऊन बसले आणि पाहते तर खांबाशेजारी एक म्हातारी, हिरव्या लुगड्यातली. ती कधी आली, कळलं नाही. काही न विचारता तिनं अनूचा उजवा हात आपल्या मुठीत झाकला आणि डावीकडून खोबऱ्याचा तुकडा पुढं केला. अनू रडली नाही. कितीतरी वेळ गेला. कबुतरंसुद्धा घुमायची थांबली होती. मग ती मिटलेली मूठ हलली, एकेक बोट सुटलं आणि खोबऱ्याला टेकलं.

"हात मुका न्हाई पोरी," म्हातारी म्हणाली, "ह्याला कुणी हाकच मारली न्हाई. उद्या खाली दवाखान्यात जा. थांबू नको."

तेवढ्यात दाराची कडी वाजली. मागं वळले. गुरवमामा दारात उभे, हातात कुलूप. "तू आत कशी गं? सकाळी पूजा करून मीच कुलूप लावून गेलतो. आत्ता काढतोय." मी खांबाकडे बोट केलं. तिथं कुणी नव्हतं. फरशीवर खोबऱ्याचा तुकडा तेवढा पडला होता.

दुसऱ्या दिवशी पाटोद्याच्या सरकारी दवाखान्यात गेले. तिथं पंधरवड्यातून एकदा बीडहून थेरपिस्ट ताई येतात, हे आमच्या गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. तो नेमका त्यांचा दिवस होता. त्यांनी अनूच्या उजव्या हातावर मऊ मोजा चढवला, डावीकडे खुळखुळा धरला आणि गप्प वाट पाहिली. काल म्हातारीनं अगदी हेच केलं होतं.

"लवकर आणलंत, बरं झालं," त्या म्हणाल्या. "लई आया वाट बघत बसतात, अन् हेच दिवस निघून जातात. रोज थोडा वेळ, खेळता खेळता घरी तुम्हीच करायचं. मी शिकवते."

आज अनू तीन वर्षांची आहे. डावा हात उजव्यासारखा झालेला नाही, कदाचित होणारही नाही. पण भाकरी दोन्ही हातांनी धरून मोडते. आम्ही दोघी-तिघी आयांनी अर्ज-विनंत्या केल्या, त्यामुळे ताई आता महिन्यातून एकदा आमच्या अंगणवाडीतही येतात.

मागच्या महिन्यात ताई येण्याच्या दिवशी वरच्या वस्तीवरची एक आई वाटेत भेटली. कडेवर तान्हं पोर, एक मूठ मिटलेली. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मी देवीला कौल लावलाय ताई. ती सांगल तवाच जाईन." मी समजूत घालायला तोंड उघडलं, पण बाहेर आलं ते, "मी सांगतीय न्हवं? चल." तो आवाज माझ्या ओळखीचा नव्हता. ती माझ्याकडे टक लावून पाहत राहिली, मग पोर सावरून मागून चालू लागली.

देवीपुढं मी आता काही मागत नाही. तिला लागेल तेव्हा आपले पाय, आपलं तोंड तिच्या हवाली करावं, एवढंच मला उमगलं आहे. त्या दिवशी अंगणवाडीत ताईंनी ते पोर मांडीवर घेतलं, तेव्हा दाराशीच मी हात जोडले. कुणाला जोडले, ते स्वतःला विचारायचं मनात आलं नाही.