झांज कुणी धरेना

चंद्रभागाला नोकरी लागली तेव्हा जावेनं विचारलं, "कसली गो संस्था ही?"

"कलावंतांना सांभाळणारी."

"आणि तुला कोण सांभाळणार?"

दोघी हसल्या, पण बोलणं खोटं नव्हतं. नवरा गेल्यावर चंद्रभागानं एमआयडीसीतल्या एका कँटीनमध्ये पोळ्या लाटून मुलीला शिकवलं. मग कँटीन ठेकेदाराकडे गेलं, त्यानं आपली माणसं आणली आणि ही घरी बसली. शिवथरचं माहेर, बाप जाखडीच्या नाचात गाणारा, पोलादपूरच्या वरच्या वाड्या पायाखालच्या. एवढ्यावर महाडच्या संस्थेनं तिला ठेवून घेतलं, तेही तात्पुरतं.

चवदार तळ्याच्या मागच्या गल्लीतल्या दोन खोल्या म्हणजे ती संस्था. माहरुख मॅडम तिथलं सगळं बघत. त्यांनी समजावलं, "चंद्रभागाताई, थकलेल्या कलावंताला मदत द्यायची तर समितीला त्याचं वादन ऐकवावं लागतं. मुरारीबुवांचं रेकॉर्डिंग तुम्ही आणायचं. समितीच्या येत्या बैठकीत त्यांचं राहून गेलं तर त्यांचा नंबर गेला. तुमचं कायम होणंही समिती त्याच बैठकीत ठरवणार आहे."

मुरारीबुवा म्हणजे जाखडीचे मृदंगवाले. आता डोळ्यांना धूसर दिसत होतं. चंद्रभागा देवाचं नाव घेऊन जीपमधून उतरली, तर वाडीच्या वळणावरच बुवांचा पुतण्या कुशाबा आडवा आला.

"बाय, आज नको. बुवांचा पोरगा, मोरू, गेला. पहाटे, भांडुपला. छातीत कळ आली म्हणतात. त्याला घेऊन गाडी तिथनं निघालीय. बुवांना अजून सांगितला नाय."

आपल्याकडे असंच करतात. मयत दारात येईपर्यंत म्हाताऱ्यांच्या कानावर घालत नाहीत. चंद्रभागा मागं वळली, तोच बुवांची बायको ठकूबाई खाली आली. डोळे कोरडे, पदर तोंडात धरलेला.

"जाऊ नको गो. वाडी अंगणात जमलीय, आणि त्यांना वाटतंय तुझ्यासाठीच जमलीय. तेवढंच वाटू दे. गाडी येईपर्यंत त्यांना गुंतवून ठेव."

"अहो, पण सुतकात मृदंग?"

"ज्याला कळलं नाय त्याला सुतक नाय."

हे चंद्रभागानंही ऐकलेलं होतं. तरी ती बिचकतच ठकूबाईच्या मागनं वर गेली.

बुवा धुतलेला सदरा घालून ओटीवर बसले होते. "या, या! बघा, तुमच्या नावानं अख्खी वाडी लोटली. एरवी ढकलून पण येत नाय कुणी! गो, चहा टाक. आणि कणीक आण."

मृदंगाच्या डाव्या अंगाला ओली कणीक लावावी लागते, तेव्हा कुठं तो घुमतो. ठकूबाई दारातच उभी राहिली. घरात चूल पेटलेली नव्हती आणि मृदंगाला जायच्या पिठाला तिचा हात पुढं होईना. चंद्रभागा गुमान उठली, आत जाऊन तिनं कणीक मळली.

"आज बायकोपेक्षा पावणीच बरी," बुवा म्हणाले.

तिनं फोन समोर ठेवला आणि बुवांनी गण धरला. आधी बोटं अडखळली, मग त्यांना आपापल्या जागा सापडल्या. अंगण भरून गेलं. चंद्रभागाला बाप आठवला. क्षणभर ती विसरलीच की आपण कशासाठी बसलोय.

मग झांजेची जागा आली. झांज वाजली नाही.

बुवांनी तोच बोल परत घेतला. "झोपलास काय रे कुशाबा? घे की झांज!"

कुशाबा जमिनीकडे बघत राहिला. वाडी सगळी एका भावकीची, सगळ्यांना सुतक. देवाच्या गणाला झांज कोण धरणार? म्हाताऱ्याला गुंतवायचं सगळ्यांनी ठरवलं, पण त्याच्या साथीला कोण बसणार हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

बुवांनी तिसऱ्यांदा बोल घेतला आणि मधेच हात थांबवला. अंगणावरनं त्यांची धूसर नजर फिरली.

"बाय, तू वाडीची नायस. तू सांग. कोण गेलं?"

दारातून ठकूबाई मान हलवत होती, नको, नको. 'कुणी नाही' एवढं म्हटलं असतं तर बुवांनी पुढं वाजवलंही असतं. पण चंद्रभागाच्या तोंडून ते निघेना.

"बुवा, मोरू."

बुवा रडले नाहीत. त्यांनी नखानं मृदंगाची कणीक खरवडून काढायला घेतली. सगळी निघाल्यावर म्हणाले, "ते फोनमधलं पुसून टाक."

"बुवा, तुम्हाला ठाऊक नव्हतं."

"देवाला ठाऊक होतं ना. पुसून टाक."

तिला समिती आठवली, कँटीनही आठवलं. मग तिनं त्यांच्यासमोर फोन धरला आणि रेकॉर्डिंग पुसलं.

ठकूबाई आली, हळूच म्हणाली, "तुला त्यांना नुसतं गुंतवून ठेवायला सांगितलं होतं गो." त्यानंतर तिनं चंद्रभागाकडे बघितलं नाही.

उन्हं उतरली तेव्हा बुवांनी तिलाच हाक मारली. "आमच्यात आता कुणाला देवाजवळ जाता येत नाय. दिवा तेवढा तू लाव." तिनं लावला. हात जोडले, पण काय मागावं ते सुचेना. बाहेर गाडी आली होती. बायकांचा एकच आकांत उठला.

वळणावर जीपची वाट बघताना माहरुख मॅडमचा फोन आला.

"झालं का, ताई?"

"झालं होतं, मॅडम. मी पुसलं." तिनं घडलं तसं सांगितलं.

"समितीला मी सांगेन. पण ते ऐकल्याशिवाय देत नाहीत, ताई. आणि तुमचंही..."

"व्हय," चंद्रभागा म्हणाली. वरून रडणं ऐकू येत होतं. तिनं फोन पिशवीत टाकला आणि जीप दिसेना म्हणून उतार चालायला लागली.