दिवसाउजेडी डिपर

घाट उतरताना समोरून चढणाऱ्या टेम्पोने दोनदा डिपर दिला. भर दुपारी असे दिवे उघडमीट झाले, की आम्हां गाडीवाल्यांच्या भाषेत अर्थ एकच: पुढे कॅमेरा आहे. मी वेग कमी केला, हात उंचावून त्याचे आभार मानले. वळणावरचा कॅमेऱ्याचा खांब मागे पडताच पाय पुन्हा ॲक्सिलरेटरवर गेला, आणि समोरून येणाऱ्या गाडीला मीही इमानाने डिपर दिला. वळण तेच, दरी तीच; त्यांची भीती आम्हांला कधी वाटली नाही. फोटोची मात्र वाटते.

खांबाच्या थोडं पुढे एक म्हातारी काकड्या विकत बसते. कॅमेरा बसायच्या आधी तिचा नवरा इथेच रस्ता ओलांडताना गेला. काकडी घ्यायला थांबलो, तेव्हा विचारलं, "आता बरं आहे ना मावशी, कॅमेरा आल्यापासून?"

"बरं हाय की," काकडीला तिखटमीठ लावत ती म्हणाली. "मानसंबी चांगली झाल्यात. हितनं जाताना समोरच्याला दिवं दावत्यात. म्हातारी बसलीया, दमानं जा, आसं सांगत्यात न्हवं?"

मी "हो" म्हणालो. पैसे दिले.

काकडी घेऊन गाडीत बसलो. इतकी वर्षं या घाटात डिपर देतो आहे. तिला वाटतं त्या अर्थाने एकदाही दिला नव्हता.