लाल बाटली

नव्वदच्या आसपास मी पनवेलला पशुखाद्याच्या दुकानात कामाला होते. सरकी पेंड, भुसा, कोंबड्यांचं खाद्य, जंतांची औषधं, सगळं मिळायचं. पण आमची खरी ख्याती मेलेल्या कोंबड्यांची. कोंबडी मेली की लोक तिला पिशवीत घालून सरळ आमच्या काउंटरवर आणून ठेवायचे. जनावरांचा सरकारी दवाखाना जवळच होता, पण तिथे रांग, आणि डॉक्टर भेटतीलच याचा नेम नाही. आमचे शेठ मात्र कायम हजर!

शेठ चष्मा कपाळावर चढवायचे, कोंबडीचं पोट दाबायचे, पापणी उघडून बघायचे आणि म्हणायचे, "उष्णता." भर पावसाळ्यातसुद्धा उष्णताच. त्यांनी उष्णता म्हटलं की मी फळीवरची लाल टॉनिकची बाटली काढून द्यायची. उरलेल्या कोंबड्या जगल्या तर शेठचा हातगुण, मेल्या तर "उशीर केलात हो!" या गृहस्थांनी जन्मात एक कोंबडी पाळली नव्हती. हसू दाबता दाबता माझी पुरेवाट व्हायची.

मग एकदा खाद्याच्या कंपनीच्या माणसाने त्यांना खोकंभर पिल्लं भेट दिली. शेठनी ती गोदामात बल्बखाली ठेवली, आणि काय सांगू, माणूस पार विरघळला! गिऱ्हाईक बाहेर ताटकळतंय आणि हे आत पिल्लांना तळहातावर दाणे भरवतायत. घरी पोरांशी धड बोलायचे नाहीत, पिल्लांना मात्र "माझ्या राजा".

एका सकाळी ओवे गावातली एक बाई मेलेली कोंबडी घेऊन आली. अंडी विकून तिचं घर चालायचं, आणि निम्म्या कोंबड्या गेल्या होत्या. शेठनी पोट दाबलं, उष्णता सांगितली, बाटली तिच्या हातात दिली आणि गोदामात गेले. गेले तसे धावतच बाहेर आले. हातात मान टाकलेलं पिल्लू, डोळ्यांत पाणी. आतली सगळीच पेंगत होती म्हणे. मी सवयीने लाल बाटली पुढे केली.

"ते रंगीत पाणी नको गं! जगवायचंय त्याला!"

बाईने आपली बाटली काउंटरवर ठेवली.

"आनि आमच्या काय मारायच्या हायत, शेठ?"

मला शेठची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकदम.

"चला डाक्तरकडं," ती म्हणाली, "आमी पन येतो."

मी पिल्लांचं खोकं उचललं, शटर ओढलं आणि निघाले. दवाखान्यात ही रांग! शेठ पिल्लू छातीशी धरून पुढे घुसायला लागले, तर तिने हात आडवा धरला.

"मागं ऱ्हावा शेठ. आमाला आदीच उशीर झालाय."