सहावं वाचन

सगळं हॉस्पिटल त्याला आ-काका म्हणायचं. नाव खुळचट आहे, पण चिकटलं ते चिकटलंच. बावीस वर्षं तो येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगत आला, "आ म्हणा. लांबवा. अजून लांबवा." कान-नाक-घसा विभागाच्या टोकाला, जिन्याखाली, भिंतींना फोम लावलेली त्याची खोली. आत एक खुर्ची नि एक माइक, आणि काचेपलीकडे तो आणि त्याचा कॉम्प्युटर. पेशंटने आधी 'आ' म्हणायचं, मग समोरचा इंग्रजी उतारा वाचायचा. एक म्हातारा माळी, त्याचं कुत्रं आणि वादळ, एवढीच दहा ओळींची गोष्ट. इंग्रजीच का, तर ते यंत्रच मुळी इंग्रजी बोलणाऱ्यांच्या आवाजांवर बेतलेलं. निरोगी आवाजाचे आकडे त्याच्या पोटात तयार. पेशंटचा आवाज किती थरथरतो, किती वर-खाली होतो, त्यात नुसती हवा किती, हे मोजून ते कागदावर काढायचं, आणि तो कागद बघून डॉक्टरीणबाई ठरवायच्या, आवाज आजारी आहे की ठीक.

ह्या बाबाला नाद एकच, स्वच्छ रेकॉर्डिंगचा. अहो, नाद कसला, वेडच! पंखा बंद, घड्याळ खोलीबाहेर, पेशंटच्या खिशातला किल्ल्यांचा जुडगासुद्धा टेबलावर काढून ठेवायचा. आणि वाचताना कुणी अडखळलं, खाकरलं, कुणाचा आवाज चिरकला, की काचेआडून हा मायेने म्हणायचा, "असू दे, असू दे. घोटभर पाणी प्या. आता परत एकदा, पहिल्यापासून." आधीचं पुसून टाकायचा. यंत्रात राहायचं ते शेवटचं, चांगलं. असं कर म्हणून त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि करू नको असंही कुणी सांगितलं नव्हतं. नव्या डॉक्टरीणबाई एकदा म्हणाल्या, "काका, तुमच्यासारखं रेकॉर्डिंग कुणाचं नाही." झालं! आठवडाभर घरी तेच पुराण. शेवटी बायको म्हणाली, "आता पुरे, भिंतींनासुद्धा पाठ झालं."

धाकटी बहीण म्हणजे त्याचा जीव की प्राण. लहानपणापासून तिच्या तोंडाचा पट्टा असा चालायचा, की घरात तिला सगळे चिमणीच म्हणत. आई लवकर गेली, तेव्हा ह्यानेच तिच्या वेण्या घातल्या, ह्यानेच तिचा अभ्यास घेतला. मोठेपणी त्या तोंडाच्याच जोरावर तिने नोकरी मिळवली. एका कंपनीच्या फोनवर दिवसभर लोकांच्या तक्रारी इंग्रजीत ऐकायच्या आणि इंग्रजीतच त्यांची समजूत घालायची. चौदा वर्षं केलं तिने हे. तावातावाने फोन करणारा माणूस तिच्याशी दोन मिनिटं बोलला, की उलट स्वतःच माफी मागायचा.

आणि मग तो आवाज तुटायला लागला. बोलता बोलता कुणी गळा आवळावा तसा शब्द अडकायचा, पुढचा सुटायचा, त्याच्या पुढचा पुन्हा अडकायचा. फोनवरची माणसं विचारायची, "मॅडम, तुम्ही रडताय का?" साहेबाने तिला बोलावून सांगितलं, हॉस्पिटलचा रिपोर्ट आणा. आजार निघाला तर नियमाप्रमाणे लेखी कामावर बसवू. नाही निघाला तर हे ढोंग आहे असं समजू, आणि मग तुमचा रस्ता तुम्हाला मोकळा. नवरा वारलेला, पदरात दोन मुली. तिच्या तोंडचं पाणीच पळालं.

डॉक्टरीणबाईंनी घशात कॅमेरा घालून पाहिलं. सगळं साफ. "आत तर काही दिसत नाही," त्या म्हणाल्या. "काकांकडे जा, आकडे काय म्हणतात ते बघू." काका हिचा सख्खा भाऊ, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ह्यानेही तोंड उघडलं नाही. सांगितलं तर दुसरीकडे पाठवतील, आणि बहिणीला हा दुसऱ्याच्या हातात देणार? नाव काढू नका!

पहिल्या वेळी ती माळ्यापाशीच अडकली. "दादा, हे बघ, हे असं होतं," ती म्हणाली.

"असू दे, असू दे. घोटभर पाणी पी. आता परत एकदा, पहिल्यापासून." आणि ह्याने ते पुसलं.

दुसऱ्यांदा कुत्र्यापाशी, तिसऱ्यांदा पुन्हा माळ्यापाशी. चौथ्यांदा तर पहिल्याच शब्दाला. पाचव्यांदा वादळापर्यंत कशीबशी पोचली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ह्याने तेही वाचन पुसलं. म्हणाला, "अगं वेडे, शाळेत कविता म्हणायचीस ना, उंच आवाजात, हेल काढून? तसं हे वाच बघू."

तिने तसं वाचलं. माळी, कुत्रं, वादळ, दहाच्या दहा ओळी सुरळीत पार! हा खुर्चीवरून उठलाच. माइक बंद करून, दार उघडून आत गेला आणि तिच्या डोक्यावर टपली मारून म्हणाला, "बघ! काहीसुद्धा झालेलं नाही तुला!"

"खरंच?" ती म्हणाली, आणि तो एवढासा शब्दही मध्ये तुटला. पण माइक बंद झाला होता.

आता तुम्ही म्हणाल, साहेबाची अट त्याला माहीत नव्हती का? होती हो. पण त्या घडीला त्याला एवढंच दिसलं, की पोरगी बरी आहे. बरी आहे म्हणजे फोनवर बसेल, चिवचिवाट करेल, मिटलं. इतका साधा माणूस! राग येतो, पण करणार काय?

रिपोर्ट आला, सगळे आकडे मर्यादेत, आवाज निरोगी. तिसऱ्या आठवड्यात कंपनीचं पत्र आलं. खोटं कारण सांगून काम टाळल्याबद्दल तिला काढून टाकलं होतं.

तेव्हा कुठे हा डॉक्टरीणबाईंकडे गेला आणि सगळं ओकला. त्यांनी कपाळाला हात लावला. "काका, हा आजार साधं बोलताना माणसाला धरतो. हेल काढला, गायलं, की सोडून देतो. ते अडकणं हाच तर आजार होता. तोच पुसलात तुम्ही."

त्यांनी दुसऱ्या माणसाकडून तपासणी पुन्हा करवली. आजार लख्ख दिसला. रिपोर्ट कंपनीला गेला, आणि सोबत काकांचं पत्र, स्वतःच्या हाताने लिहिलेलं, की मी तिचा भाऊ, पाच वाचनं मीच पुसली, शिक्षा मला करा. कंपनीचं उत्तर चार ओळींचं होतं. पहिल्या रिपोर्टात आवाज निरोगी, दुसरा नोकरी गेल्यावरचा, आणि तपासणीच्या खोलीत तिचाच सख्खा भाऊ. तिथल्या कुठल्याच कागदावर आम्ही विश्वास ठेवणार नाही.

ते वाचल्यावर तो खोलीत जाऊन जुनी रेकॉर्डिंगं एकेक ऐकत बसला. एकटी चिमणीच होती का? बावीस वर्षांत अशी किती माणसं घोटभर पाणी पिऊन, परत वाचून, धडधाकट ठरून घरी गेली असतील? कुणाकुणाला ढोंगी म्हटलं असेल? विचारायचं तरी कुणाला? यंत्रात सगळे आवाज स्वच्छ होते.

एका दुपारी तो तिच्याकडे गेला. ती मुलींचे शाळेचे कपडे इस्त्री करत होती. "चिमणे, मी त्या साहेबाचे पाय धरतो," तो म्हणाला. "तू म्हणशील ते करतो. शिव्या दे मला, पण बोल काहीतरी."

तिने हातातली बाही आधी पुरी केली. मग टेबलाची कड धरून, एकेक शब्द ओढून काढत म्हणाली, "दादा, पाच वेळा मी तुला... पाच वेळा सांगि... आणि तू पाचही..." पुढचं निघेना. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, तोंड उघडंच राहिलं.

त्याला ते बघवेना. आणि काय बोलतोय हे कळायच्या आत त्याच्या तोंडून निघून गेलं, "असू दे, असू दे. घोटभर पाणी पी. आता परत एकदा, पहिल्यापासून."

तिने इस्त्री उभी केली, बटण बंद केलं. कपड्यांची घडी उचलून आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. तो संध्याकाळपर्यंत दाराबाहेर बसून होता.