टोपी पांढरी निघाली

लग्नाच्या व्हिडिओतले रंग बिघडले की लोक कॅमेऱ्याला कधी बोलत नाहीत, एडिटिंग करणाऱ्याला बोलतात. नालवाडीतल्या माझ्या खोलीत बसून मी ही बोलणी खूप खाल्ली आहेत. पण भाचीचं लग्न घरचं कार्य, तिथे चूक झाली असती तर जन्मभर ऐकावं लागलं असतं. म्हणून तो व्हिडिओ जीव लावून केला आणि तळेगावला ताईच्या मोबाइलवर पाठवला.

दुसऱ्याच दिवशी तिचा फोन. "काऊन रे, तुये भाऊजी एवढे पिवये काऊन दिसून राह्यले? हयद त आदल्या दिवशी झालती. नीट करून देजो."

मला रागच आला. मांडवात भाऊजींची थट्टा झाली होती, की नवरीपेक्षा बापालाच हळद जास्त चढली. आणि सगळ्यात मोठ्याने मीच हसलो होतो. आता मात्र बोल माझ्या कामाला लागत होता. मांडवाचं कापड पिवळं, त्याचाच रंग पडला असणार, असं ठरवून मी भाऊजी जिथे जिथे होते तिथलं पिवळं उतरवून टाकलं. अर्ध्या तासाचं काम. चेहरा ताजा दिसू लागला, डोळे पांढरे झाले. ताई खूश झाली आणि मी विसरून गेलो.

तीनेक आठवड्यांनी बोरगाव मेघेहून भाचीच्या सासऱ्यांचा फोन आला. त्यांनी नवा मोठा टीव्ही घेतला होता. "आमच्या व्याह्याची टोपी निळी काऊन दिसते जी?"

मला वाटलं, एक्स्पोर्टची चूक. व्हिडिओ बाहेर काढताना फाइलीत रंगांची नोंद द्यावी लागते. ती राहिली की प्रत्येक पडदा आपल्या मनाने रंग दाखवतो. ती खरंच राहिली होती. मी ती भरली. पिवळं उतरवलं की पांढरंही निळसर होतं, म्हणून माझी आधीची सगळी दुरुस्ती काढून टाकली आणि फाइल नव्याने काढली. मग कन्यादानाचं एकच दृश्य कॉम्प्युटरवर, मोबाइलवर आणि घरच्या टीव्हीवर थांबवून ठेवलं. आमच्याकडे रंग तपासायला चित्रात काहीतरी पांढरं शोधतात. ते पांढरं दिसलं, की बाकीचे रंगही खरे धरायचे.

तिन्हीकडे भाऊजींची टोपी पांढरी होती. शेजारी बसलेल्या ताईचे डोळे पांढरे होते. भाऊजींचे डोळे पिवळे होते, तिन्हीकडे अगदी सारखे. आता दोष द्यायला एकही मशीन उरलं नव्हतं.

ताईला फोन लावला. भाऊजी कसे आहेत, विचारलं.

"जेवण तुटलं त्याह्यचं. अंगाले खाज सुटते म्हणते. लग्नाची दगदग, दुसरं काय."

"त्याह्यचे डोळे पाह्य, ताई. पिवये आहेत का?"

"मलेबी एकदा वाटलं होतं. पण तुया व्हिडिओ रोज पाह्यतो न मी, त्यात त चांगले पांढरे दिसते. मनलं, आपलाच भास असन."

"ते पांढरे मी केले, ताई. इथं बसून केले."

फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज आला आणि मग लांबून तिचा आवाज, "अहो, इकडे या बरं. असे उजेडात या."

मी फोन कानाला धरून बसून राहिलो. समोर तिन्ही पडद्यांवर भाऊजी लेकीचा हात पुढे करून थांबलेले होते. ताई फोनवर परत आली नाही.