हजेरीत नाव नसलेला माणूस

अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत माझ्या टेबलावरून एक कागद हरवला नाही. हरवलो तो मी स्वतः. जाम नावाच्या गावच्या चौकात, सकाळी सव्वादहा वाजता, भर उजेडात!

त्याचं असं झालं. मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि आमचं वर्ध्याचं घर एवढं शांत झालं की फ्रिजची घरघर ऐकत आम्ही दोघं जेवायचो. मग सुनंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, बालकल्याण समितीकडे अर्ज केला आणि चार महिन्यांपूर्वी आठ वर्षांची तनू सांभाळायला म्हणून आमच्याकडे आली. आली ती एक पिशवी आणि एक निळी फाईल घेऊन. सुनंदाला ती आठवड्याभरात 'मावशी' म्हणू लागली. मला मात्र काहीच म्हणेना. मी तिच्या लेखी 'ते' होतो. "ते जेवाले बसले." "ते घोरून राह्यले." (घोरण्याचा आरोप मला मान्य नाही.) काका, मामा, अगदी आजोबासुद्धा चाललं असतं हो! रोज ऑफिसातून आलो की मी दारात मुद्दाम खोकायचो, आज तरी हाक येईल म्हणून. आतून आवाज यायचा, "मावशी, ते आले."

म्हणून गिरडची सहल काढली. तिथल्या टेकडीवर सुपारीसारखे गोल गोल दगड सापडतात, ते दाखवू, पोरगी खुलेल, काहीतरी हाक मारेल, असा माझा बेत. गाडी मेहुण्याची, चालवणाराही मेहुणाच, विलास.

आदल्या संध्याकाळी मी तनूची निळी फाईल काढली, झेरॉक्सचे दोन संच केले, वर अनुक्रमणिका लावली.

"जिल्ह्यातल्या जिल्ह्यात कागद लागत नाई म्हणे त्या समितीच्या मॅडम," सुनंदा म्हणाली.

"अन् कोणी इचारलं त?"

"गिरडच्या टेकडीवर कोण इचारते? दगडं?"

तनू दारात उभी राहून बघत होती. रात्री ती नीट जेवली नाही. सकाळी पाहतो तर तिनं आपली पिशवी गच्च भरून ठेवलेली, शाळेच्या वह्यांसकट! मी खूष होऊन ओरडलो, "पाय सुनंदा, पोरगी माह्यावर गेली! तयारी पक्की!" (एवढा मी हुशार.)

प्रवासात हजेरी घ्यायची ही माझी जुनी शिस्त. विलास 'एक', सुनंदा 'दोन', तनू 'तीन'. तनू तोंडानं बोलायची नाही, तीन बोटं वर करायची. मी हजेरी घेणारा, म्हणून मला नंबर नाही. मास्तर कधी स्वतःचं नाव पुकारतो का?

जानेवारीची सकाळ होती. सेवाग्राम मागे पडलं तरी धुकं रस्त्यावरून उठायचं नाव घेत नव्हतं. दोन्ही बाजूंना तुरीची शेतं, मधेच कुठे वेचायचा राहिलेला कापूस, आणि कोवळ्या उन्हानं कोमट झालेली काच. सुनंदा पुढच्या सीटवर उलटीची गोळी घेऊन कधीच झोपली होती. तनू माझ्या शेजारी काचेला कपाळ टेकवून बसली होती. तिच्या श्वासाचा गोल काचेवर उमटायचा, विरायचा, पुन्हा उमटायचा. मलाही गुंगी आली. मांडीवर फाईल, शेजारी पोरगी. हा रस्ता असाच चालत राहावा, गिरड येऊच नये, असं वाटलं.

गिरड आलं नाहीच. जाम आलं.

तिथे तर्रीपोहे खाल्ले. पुन्हा गाडीत बसलो. हजेरी. "एक!" "दोन..." (हे झोपेतच.) तीन बोटं. "चला!" म्हणून मी मांडीवर हात ठेवला, तर फाईल नाही!

"दोन मिन्टं थांबजो!" म्हणत उतरलो आणि दार लावलं. विलास फोनवर त्याच्या बायकोशी बोलत होता, आणि बायको बोलत असली की त्याला बाकी जग ऐकू येत नाही. त्यानं माझं 'चला' तेवढं ऐकलं, दाराचा धप्प आवाज ऐकला, आणि गेला! मागच्या काचेत तनूचा चेहरा दिसला, तोंड अर्धवट उघडं. मी धावलो. पुरी चाळीस पावलं! त्यापुढे पोह्यांनी जाऊ दिलं नाही. माझा फोन? गाडीत, चार्जिंगला.

धापा टाकत हॉटेलवाल्याकडे आलो. "भाऊ, निळी फाईल दिसली काय?"

"थे त तुमच्याच पोट्टीनं ठेवली न, माठाच्या मांगं! मले म्हणे, कोणाले देजो नोको."

"काऊन?"

"म्या बी तेच इचारलं. त म्हणे, हे फाईल निघाली का मले दुसरीकडं नेऊन देते."

त्यानं काढून दिलेली फाईल घेऊन मी बाहेरच्या खाटेवर बसलो आणि ती उघडली. याआधी दोनदा तिला एका जागेहून दुसऱ्या जागी नेलं होतं. दोन्ही तारखा मीच लाल शाईनं अधोरेखित केल्या होत्या! अनुक्रमणिका मला पाठ होती, पण दारात उभी असलेली पोरगी काही वाचता आली नाही. भरलेली पिशवी आठवली आणि स्वतःची लाज वाटली.

चौकातून ट्रक जात होते, नागपूरकडे, हैदराबादकडे, चंद्रपूरकडे. रस्त्याकडेच्या संत्र्यांच्या ढिगांवर ऊन पसरलं होतं. सगळं संथ, झोपेत बघितल्यासारखं. सगळ्यांना जायला गाव होतं, मीच तेवढा खाटेवर. आपल्याला मागे ठेवून गाडी निघून जाते तेव्हा कसं वाटतं, ते मला बावन्नाव्या वर्षी कळलं. तिला आठव्या वर्षीच माहीत होतं. आणि आता गाडीत तिनं, मी मागे राहिलो हे कोणाला सांगायचंच नाही असं ठरवलं, तरी चूक तिची नव्हती. फाईलही गेली, फाईलवालाही गेला, पोरगी सुटली!

गाडीत काय झालं ते सुनंदानं मला नंतर सांगितलं. समुद्रपूरच्या अलीकडे तनू एकदम किंचाळली, "मामा, गाडी थांबवा! बाबा मांगं राह्यले!"

"कोणाचे बाबा?" विलासनं विचारलं.

"माहे!"

सुनंदाची झोप उडाली ती या शब्दानं. विलास मात्र शेवटपर्यंत मान्य करेना. "असं कसं? हजेरी त बरोबर झालती! एक, दोन, तीन!"

गाडी परत आली. तनू सगळ्यात आधी उतरली, धावत आली, आणि माझ्या हातात फाईल पाहून चार हात लांब थांबली. मी फाईल तिच्याच हातात दिली.

"पाय बरं, यात तुले आमच्या घरून कुठं न्यायचा कागद हाय काय?"

ती खाटेवर बसली आणि एकेका ओळीवर बोट ठेवून वाचू लागली. अठरा पानं! झेरॉक्सचे संचसुद्धा सोडले नाहीत. माझा चहा निवला, विलासचे दुसरे पोहे संपले.

"नाई," ती शेवटी म्हणाली. मग वर बघून, "मंग आणली काऊन?"

अठ्ठावीस वर्षांत एकाही साहेबानं मला हा प्रश्न विचारला नव्हता. "सवय," मी म्हणालो.

तेव्हापासून हजेरी तनू घेते. माझा नंबर चार. हळू बोललो की ती डोळे वटारते, "बाबा, जोरात!" (गिरड येईपर्यंत मी नऊ वेळा हळू बोललो.) फाईल आता कपाटात असते. प्रवासात हरवण्याजोगी वस्तू घरात एकच निघाली, म्हणून मागच्या सीटवर मला दोघींच्या मधोमध बसवतात. दाराकडची जागा अजून मिळालेली नाही!