मनकर्णेचा तोंडी हिशेब

चतुराबाईंच्या तिसरीच्या वर्गात रोज शेवटच्या तासाला पाढे चालत. तीस मुली मांडी घालून, अंग पुढेमागे डोलवत एका सुरात एकोणीसपर्यंत जात, आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटे, शाळा जोरात चालली आहे. दर्यापूरच्या वाटेवरचं ते मोठंसं गाव. मुलींची शाळा चार खोल्यांची. १९५८ च्या जूनमध्ये या वर्गात एक मुलगी अशी आली, की जिला तो सूर कधी ऐकूच येणार नव्हता.

मनकर्णा, देवमन गवंड्याची लेक. चौथ्या वर्षी तापात तिचे दोन्ही कान गेले आणि मागून बोलणंही गेलं. देवमनचं घर दोन वर्षांपूर्वी बौद्ध झालेलं. लेकीला हाताला धरून तो थेट वर्गाच्या दारात आला होता.

"बाई, पोरगी आयकत नाई, पन पायते लय बारीक. तिले हिसाब शिकवा. वाचनं मंग पाहू."

चतुराबाईंचा नवरा त्या विशीच्या आत असतानाच गेला. भावाने अमरावतीच्या नॉर्मल स्कूलात घातलं म्हणून त्या मास्तरीण झाल्या. घरी म्हातारी आई आणि हा पगार. बहिऱ्या मुलीला कसं शिकवायचं ते नॉर्मल स्कूलात कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी तुराट्यांचे बोटभर तुकडे तोडून आणले, दहा-दहाच्या जुड्या सुतळीने बांधल्या आणि मनकर्णेच्या पुढ्यात ठेवल्या. बावन्नातून सतरा काढायचे असं पाटीवर मांडून दिल्यावर त्या पोरीने एक जुडी उचलली, दातांनी गाठ सोडली आणि दहा काड्या सुट्यांत टाकल्या. हातचा म्हणजे काय, हे बाकीच्या एकोणतीस जणींना घसा फोडून सांगावं लागलं होतं. दिवाळीपर्यंत मनकर्णा पाटीवरचा गुणाकार सगळ्यांच्या आधी पुरा करून पाटी पालथी घालू लागली.

मोठ्या बाई म्हणजे पार्बताबाईंना त्याचं कौतुक नव्हतं.

"काड्या खेळून राहिली का तुमची पोरगी?"

"भागाकार करून राहिली, मोठ्या बाई."

"करू द्या. फेब्रुवारीत डिप्टीसाहेब तपासनीले येनार हायेत. ते काड्या नाई पायत, पाढे आयकतात. मुकी पोरगी पुढे बसली त शाळेचं हसू होईन. म्या तिचं नाव कमी करतो त्याच्या आधी."

नाव एकदा कमी झालं की पुन्हा लागणार नाही, हे चतुराबाईंना ठाऊक होतं. घाईघाईत त्या बोलून गेल्या, "नाव राहू द्या. ती सगळ्यांसंगं पाढे म्हनन. कोनाले समजनार नाई."

त्या दिवसापासून शाळा सुटल्यावर दोघी मागे थांबू लागल्या. चतुराबाईंनी घरचा हातआरसा आणला. मनकर्णेचा तळवा स्वतःच्या गळ्यावर ठेवून त्या एकेक आकडा ओठांनी दाखवत, मग आरसा तिच्यापुढे धरत. आवाज काढायचा नाही, ओठ तेवढे हलवायचे, बरोबर वेळेला. पहिले चार दिवस मनकर्णेने जुड्या पुढे ओढल्या. एकोणीसचा पाढा तिने काड्यांत मांडून दाखवला, पार शेवटपर्यंत, आणि बाईंकडे पाहिलं. चतुराबाईंनी जुड्या उचलून कपाटात घातल्या आणि कुलूप लावलं. पोरगी रडली नाही. आरशात पाहून ओठ हलवू लागली.

डिप्टीसाहेब आले, खुर्चीत बसले, चहा घेतला. तीस मुलींनी एकोणीसचा पाढा म्हटला. साहेबांनी पहिल्या रांगेकडे बोट केलं. "ती कडेची मुलगी पाहा. तोंड किती स्वच्छ उघडते. असे उच्चार पाहिजेत." शेरेबुकात त्यांनी लिहिलं, 'तिसरीच्या सर्व मुली तोंडी हिशेबात तरबेज.' पार्बताबाई पदराआड हसल्या. चतुराबाई उभ्या होत्या तिथून साहेबांची खुर्ची तीन पावलांवर होती. त्यांनी मुलींना पाट्या काढायला सांगितलं.

पुढच्या साली मुली चौथीत गेल्या आणि चतुराबाईंनाही चौथी मिळाली. चौथीची परीक्षा बाहेरचे परीक्षक घेत. हिशेबाचा पेपर वेगळा आणि तोंडी वेगळी, आणि पास व्हायला दोन्हींत पास व्हावं लागे. नोव्हेंबर १९५९ मध्ये चतुराबाईंनी अमरावतीच्या कचेरीत अर्ज केला, की वर्गातली एक मुलगी बहिरी आहे, तिचे तोंडी प्रश्न लिहून द्यावेत. जानेवारीत उत्तर आलं. गतवर्षीच्या तपासणीच्या शेऱ्यानुसार सदर वर्गात अशी मुलगी आढळत नाही. अर्जाचा आधार कळवावा.

"कळवा की," पार्बताबाई म्हणाल्या. "डिप्टीसाहेबाले फसवलं मनून लिहा. खाली सही तुमचीच करजा, माही नाई."

चतुराबाईंनी पत्र लिहिलं. तीनदा लिहिलं. नोकरी गेली तर आईला घेऊन भावाच्या दारात उभं राहावं लागलं असतं, आणि भावजय कशी आहे ते त्यांनी पाहिलेलं होतं. पत्र ट्रंकेत गेलं. परीक्षक कदाचित समजूतदार निघेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

एप्रिलमध्ये परीक्षक आले. तोंडीच्या वेळी वर्गाच्या बाईंना आत थांबता येत नसे. मनकर्णा समोर उभी राहिली. त्यांनी विचारलं, एका ओळीत सोळा झाडं, तर पाच ओळींत किती? मनकर्णेला साहेबांचे ओठ हललेले दिसले. साहेब समोर बसले की काय करायचं, हे तिला एकच शिकवलं होतं. तिने हात जोडले आणि अगदी मन लावून, बिनआवाजाचा एकोणीसचा पाढा सुरू केला. मागच्या मुली हसल्या. परीक्षकांना वाटलं, पोरगी टवाळी करते आहे. त्यांनी शून्य लिहिलं. लेखी पेपरात तिचं एकही गणित चुकलेलं नव्हतं.

निकालाच्या दिवशी देवमन आला. चुन्याने त्याचे हात पांढरे होते.

"बाई, तिले हिसाब येते का नाई?"

"येते."

"मंग नापास काहून?"

चतुराबाईंनी तोंडीत काय झालं ते सांगितलं.

"ते तोंड हालवाचं कोनं शिकवलं तिले? घरी त आमी नाई शिकवलं."

"मीच शिकवलं."

"असं," तो म्हणाला, आणि लेकीचा दाखला मागून घेऊन गेला.

मे महिन्यात चतुराबाईंनी ट्रंकेतलं पत्र पोस्टात टाकलं. चौकशी पुढच्या सालापर्यंत चालली, पण नोकरी गेली नाही. दोन वर्षांची वेतनवाढ थांबली आणि बदली झाली अकोल्याकडे. एवढ्यासाठी आपण वर्षभर गप्प बसलो, हे त्यांना फार लागलं. जून १९६१ मध्ये, त्या सामान बांधत असताना, कचेरीचा दुसरा कागद आला. मुलीस तोंडी परीक्षा लेखी देण्यास हरकत नाही.

कागद घेऊन त्या देवमनकडे गेल्या. तो स्टँडमागे एका गोदामाची भिंत बांधत होता. मनकर्णा विटांच्या थप्प्यांमध्ये बसली होती आणि किती थर लागतील ते कोळशाने फरशीवर मांडत होती.

"मंजुरी आली, देवमनजी. आता तिले बसता येईन परीक्षेले."

"हिसाब तिचा चुकत नाई," देवमन म्हणाला. "मालकही तिलेच इचारून विटा आनते. शाळेचं तिले इचारा. म्या नाई सांगनार."

चतुराबाई वाकल्या आणि त्यांनी कागद तिच्यापुढे धरला. मनकर्णेने तो पुरता वाचला. मग तो बाजूला सरकवून पुन्हा विटा मोजू लागली. बाईंनी तिच्या खांद्याला हात लावला. तिने खांदा काढून घेतला. मान वर केली नाही. न ऐकणाऱ्या मुलीने पाहायचंच नाही असं ठरवलं, तर तिला हाक मारायला दुसरी जागा उरत नाही. कामाला अडचण होते असं देवमनने म्हटलं, तेव्हा चतुराबाई बाजूला झाल्या.